मागच्या दोन बाजारांपासून

आज गावचा बाजार, त्यामुळे दवाखानाही तुडुंब आहे. मराठवाड्यातल्या या जिल्ह्याच्या ठिकाणी खेड्यापाड्यांतली माणसं एका तिकिटात दोन कामं उरकतात. आधी केसपेपर, मग भाजीपाला. साडेनऊ वाजलेत. केसपेपरच्या खिडकीपासून निघालेली रांग औषधांच्या रांगेत घुसलीय आणि कोण कुठल्या रांगेत यावरून दोन बायकांची जुंपलीय. सोयाबीन निघालंय, कापसाची वेचणी चालू आहे. दोघींच्याही बोटांवर बोंडांचे ओरखडे दिसतात.

मानसोपचाराची खोली पार टोकाला, डोळ्यांच्या ओपीडीला लागून. तिच्यासाठी बाहेर वेगळा बाक आहे आणि तो रिकामा आहे. सगळे डोळ्यांच्या बाकांवर बसलेत. गावाकडचं कुणी भेटलंच तर ‘चष्म्याचा नंबर काढायला आलोय’ म्हणायची सोय. समुपदेशक मॅडमना हे पक्कं ठाऊक आहे. त्या दारातून नाव पुकारत नाहीत. उठून बाकापाशी जातात आणि हळूच ‘चला’ म्हणतात.

मी आत कोपऱ्यातल्या स्टुलावर आहे. डॉक्टरांची परवानगी घेतलीय, शिवाय मॅडम प्रत्येकाला विचारतात, ‘हे लिहिणारे आहेत, बसले तर चालेल ना?’ बहुतेकांना चालतं. सरकारी दवाखान्यात खोलीत कुणी ना कुणी बसलेलं असतंच, त्याची सवय झालेली. (माणसं ओळखू येतील अशा खुणा मी लिहिताना पुसल्या आहेत.)

टेबलावर कागदांचा गठ्ठा आहे. पुढच्या बाजूला नऊ प्रश्न, मागच्या बाजूला सात. पुढच्यांना इथं सगळे ‘पीएचक्यू’ म्हणतात, मागच्यांना ‘गॅड’. नऊ नैराश्याचे, सात चिंतेचे. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स असं होत होत अक्षरं फुगलीत, आणि कागद तिरका लागल्यामुळे तळाची ओळ अर्धी कापली गेलीय. नेमका तिथंच दहावा प्रश्न आहे, ज्याला गुण नसतात: या सगळ्यामुळे तुमचं काम, घर, माणसांशी वागणं किती अवघड झालंय? मॅडम तो तोंडी विचारतात. ‘मला खरं तर तोच लागतो,’ असं सांगून पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन पुढे सरकवतात.

पहिले काका मधुमेहाच्या खोलीतून आलेत. पंचावन्नच्या आसपास वय, डोक्यावर मळकी टोपी. तिथल्या डॉक्टरांनी केसपेपरवर झोप नाही, थकवा, जेवण कमी असं लिहून पुढे ‘मानसिक’ लिहिलंय आणि भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंय. काका कागद हातात घेतात, लांब धरून बघतात, परत टेबलावर ठेवतात.

‘चष्मा घरी राहिला.’

‘असू द्या, मी वाचते,’ मॅडम म्हणतात. शेजारी डोळ्यांची ओपीडी आणि या खोलीत येणाऱ्या निम्म्या माणसांचे चष्मे घरी राहिलेले. त्याबद्दल इथं कुणी पुढे विचारत नाही.

कागदावर छापलंय, गेल्या दोन आठवड्यांत. मॅडम वाचतात, ‘मागच्या दोन बाजारांपासून, काका.’

काका सावरून बसतात. ‘म्हंजे कालवड इकली त्या बाजारापसून.’

‘हां, तिथून आजपर्यंत. कशात मन लागंना, काही करावंसं वाटंना, असं झालं का?’

‘काम कुठं सुटतंय मॅडम. कापूस कोन येचंल?’

‘काम करताय ते कळलं. करावंसं वाटतं का?’

काका थोडा वेळ घेतात. ‘वाटतंय की. पाय साथ देईनात.’

उत्तरं चार: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांचे गुण ०, १, २, ३. तिसऱ्या उत्तरापाशी सगळ्यांची गाडी अडते, काकांचीही अडते. ‘आसं मोजून कोन ठिवतंय? होतंय म्हंजे होतंय.’ मॅडम ड्रॉवरमधून सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा काढतात. त्यावर निळ्या स्केचपेननं चार ग्लास काढलेत: एक रिकामा, एकाच्या तळाला पाणी, एक निम्म्याच्या वर, एक काठोकाठ. आता काकांचं बोट झरझर फिरतं. झोप, काठोकाठ. थकवा, काठोकाठ. भूक, तिसरा. लक्ष लागणं, तिसराच. हालचाल मंदावणं, तळाला पाणी. उदास वाटणं, रिकामा. आपण कुचकामी झालो असं वाटणं, रिकामा. नवव्या प्रश्नाला, जगणं नको वाटतं का किंवा जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, याला काका चक्क हसतात. ‘नातीचं लगीन व्हायचंय आजून.’

बेरीज ११.

कागदाच्या नियमाप्रमाणे ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र, कमाल २७. यातली १० ची रेघ सगळ्यात महत्त्वाची. ती ओलांडली की नीट तपासायचं. काकांनी ती ओलांडलीय. पण मॅडम बेरजेकडे न बघता ती कशाकशाची झाली ते बघतायत. पहिले दोन ग्लास रिकामे. भरलेत ते सगळे शरीराचे.

‘रात्री लघवीला किती वेळा उठता?’

‘पाचसा वेळा. कधी जास्त.’

मधुमेहाच्या खोलीतला रिपोर्ट केसपेपरलाच टाचलेला आहे. जेवणानंतरची साखर ३४०. रात्री सहा वेळा उठणाऱ्याला झोप कुठून येणार आणि न झोपलेल्या माणसाचा दिवस कसा जाणार?

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडात लीड्सला झिगमंड आणि स्नेथ या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी १९८३ मध्ये खास रुग्णालयात येणाऱ्या शारीरिक आजारांच्या पेशंटसाठी १४ प्रश्नांची यादी केली, सात चिंतेचे, सात नैराश्याचे. त्यांनी झोप, भूक, थकवा यांना शक्यतो हातच लावला नाही, कारण ही लक्षणं मूळ आजाराचीही असू शकतात. मग ती यादी इथं का नाही? एक साधं कारण म्हणजे पैसे. ती वापरायला परवाना लागतो. आरन बेक यांची २१ प्रश्नांची प्रश्नावली १९६१ पासून आहे, तिची आजची आवृत्तीही विकत घ्यावी लागते. पीएचक्यू फुकट आहे. फायझर या औषध कंपनीच्या पैशातून ती तयार झाली आणि पुढे कुणीही छापावी, वापरावी म्हणून मोकळी सोडली गेली. नैराश्यावरच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीनं नैराश्य शोधायचा कागद फुकट वाटावा, यावर ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं. जिल्हा रुग्णालयाच्या झेरॉक्स मशीनपर्यंत पोचला तो हाच कागद.

मॅडम ११ च्या खाली लिहितात, ‘पहिले दोन ०. साखर आधी.’

‘म्हंजे डोक्याचं न्हाई ना?’

‘आत्ता तरी साखरेचं दिसतंय. साखर उतरू द्या, मग दोन बाजारांनी परत दाखवा.’

काका पुठ्ठा उचलून परत एकदा चारी ग्लास बघतात. ‘हे बरंय,’ म्हणतात आणि जातात.

२००१ साली या नऊ प्रश्नांची कसोटी प्रसिद्ध झाली. तीत १० ची रेघ धरली तेव्हा ज्यांना खरोखर मोठं नैराश्य होतं त्यांतले ८८ टक्के पकडले गेले आणि ज्यांना नव्हतं त्यांतले ८८ टक्के बाहेर राहिले. ऐकायला झकास वाटतं. आता हा हिशेब बाहेरच्या बाकांवर मांडून बघू. शंभर पेशंट, त्यांत समजा दहांना नैराश्य आहे. दहांतले नऊ सापडतील, एक निसटेल. उरलेल्या नव्वदांतले अकरा मात्र फुकटचे अडकतील. म्हणजे रेघ ओलांडलेल्या विसांत अकरा या काकांसारखे. शेवटी चाळणीच ही. चाळून झालं तरी सुपात घेऊन निवडावं लागतंच.

आणि निवडायला वेळ कुणाकडे आहे? पलीकडच्या केबिनमध्ये एकच मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या दारापाशीची गर्दी कमी व्हायचं नाव घेत नाही. हा कागद जन्मला तोच मुळी डॉक्टरांच्या घाईतून. अमेरिकेत रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोंकी या मंडळींनी १९९४ मध्ये साध्या डॉक्टरांसाठी एक मुलाखत बेतली होती. ती घेण्यात डॉक्टरांचा वेळ जायचा, म्हणून १९९९ मध्ये तिचं रूपांतर पेशंटनं स्वतः भरायच्या कागदात झालं. चिंतेचे सात प्रश्न २००६ चे. नैराश्याचं निदान करताना मानसोपचारतज्ज्ञ जी नऊ लक्षणं धरतात तीच इथं प्रश्न होऊन आलीत. पेशंट बाहेरच्या खुर्चीत एकटा बसेल, पेन घेईल, स्वतःच्या मनाशी विचार करेल आणि खूण करेल, असं या कागदानं गृहीत धरलंय.

एकटा. या शब्दापाशी आपल्या ओपीडीचं आणि या कागदाचं बिनसतं.

पुढचा मुलगा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा आहे, बावीस-तेवीसचा. छातीत धडधड होते म्हणून दोनदा ईसीजी झालाय, दोन्ही नॉर्मल. बरोबर आई. तो शिकलेला, चष्मा डोळ्यांवर, कागद स्वतःच भरतो. भरतो म्हणजे काय, पहिल्या रकान्यात वरून खाली एक सरळ रेघ ओढतो. सगळे शून्य. उलटून मागच्या बाजूलाही तेच. टेबलाखाली त्याचा उजवा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा चाललाय. आई आनंदानं म्हणते, ‘बघा, मी म्हणत हुते ना, काही नाही त्याला. अशक्तपणाय नुसता.’

मॅडम कागद बाजूला ठेवतात. रागावत नाहीत, समजावतही नाहीत. आईला म्हणतात, ‘ताई, वजन काढून आणा ना यांचं. नाही, तुमचंच काढा, तुम्हीपण अशक्त दिसताय. रक्त तपासायची खोली पलीकडे आहे, हिमोग्लोबिन बघून घ्या.’ आई बुचकळ्यात पडते, पण जाते. मग कोरा कागद मुलाच्या हातात. ‘जिन्यावर बस. घाई नाही. वाटलं तर मोबाइल बंद कर.’

पंधरा-सोळा मिनिटांनी तो परत येतो. कागदाची घडी घातलेली, चार पदरी. मॅडम ती उघडून पुढची बाजू बघतात, ८. मागची बघतात, १६. मागच्या बाजूची कमाल २१ असते आणि १५ पासून तीव्र. काळजी थांबवता येत नाही, ३. स्वस्थ बसवत नाही, ३. काहीतरी भयंकर होईल अशी भीती, ३, आणि त्या ३ भोवती गोल दोनदा गिरवलाय. समासात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘पेपर जवळ आला की जास्त. घरी माहीत नाही. मागची पूर्वपरीक्षा निघाली नाही.’ हे लिहायला कागदावर जागा नव्हती, त्यानं ती काढली.

दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी पडलेत. भरणारा एकच आणि मध्ये अर्धा तासही गेलेला नाही. मॅडम पहिला फाडून टोपलीत टाकतात, दुसरा केसपेपरला टाचतात आणि त्याला डॉक्टरांकडे नेऊन बसवतात.

साडेअकराच्या सुमाराला एक आशाताई येते, मरून साडीतली. बरोबर तिशी ओलांडलेली एक बाई आणि तिचा नवरा. आशाताईच्या हातात चिठ्ठी आहे. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी घरोघर जाऊन भरायची सरकारी तपासणी-यादी असते, बीपी, शुगर, कॅन्सरची लक्षणं अशी. तिच्यात मनाचे दोन प्रश्नही आहेत, याच नऊंतले पहिले दोन: रस वाटत नाही, उदास वाटतं. दोन्ही मिळून तीनच्या वर गेलं की पुढे पाठवायचं. या बाईचे ५ झालेत. आशाताई चिठ्ठी देते आणि लगेच बाहेर पडते. तिला लसीकरणाचं सत्र गाठायचंय. नावापुरतं मानधन घेणारी ही बाई पायपीट करून, दोन प्रश्न विचारून, एवढ्या लांब माणूस आणून सोडते. या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत भरवशाचा भाग कुठला, असं मला विचारलं तर मी कागदाकडे नाही, तिच्याकडे बोट दाखवेन.

बाई खुर्चीच्या कडेवर बसलीय. पदर कपाळापर्यंत. मॅडम पहिला प्रश्न विचारतात आणि उत्तर नवरा देतो.

‘मन न्हाई लागत तिचं. कशातच.’

झोपेचा प्रश्न. नवराच. ‘झोपती की. दिवसा बी झोपती.’

‘मी ताईंना विचारतेय, दादा.’

‘ती बोलत न्हाई म्हून सांगायलोय.’

तो उर्मट नाही. घाबरलाय आणि त्याला मदत करायचीय. मॅडम केसपेपर उचलतात, उलटसुलट करतात. ‘यावर शिक्का नाही हो. खिडकीवरून शिक्का मारून आणा, नाहीतर औषधं नाही मिळणार.’ शिक्का आहे. मला इथून दिसतोय, जांभळा, ठळक. नवरा जातो. मॅडम दुसरा, तिसरा प्रश्न विचारतात, आवाज खाली आणून. बाई ग्लासांच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवते, तोंडानं काही नाही. चौथा, पाचवा, सहावा. मग मॅडम थांबतात आणि माझ्याकडे वळतात.

‘तुम्हीही जरा बाहेर थांबाल?’

मी बाहेर. दार बंद होतं. पुढे आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून इथं लिहीत नाही.

बाहेर नवरा परत आलाय. खिडकीवाल्यानं त्याला झापलंय, ‘शिक्का आहे की रे, दिसत नाही का!’ तो केसपेपर दोन्ही हातांत धरून बंद दाराकडे बघतो, मग माझ्याकडे.

‘तुमाला बी काढलं का भायेर?’

‘हो.’

यानं त्याला जरा बरं वाटतं. तो माझ्या शेजारी भिंतीला टेकतो. मध्येच फोन वाजतो, कापसाच्या गाडीचं कुणीतरी विचारतंय, तो ‘मागून लावतो’ म्हणून ठेवून देतो. ‘मी सांगत हुतो की सगळं. मला म्हाईत हाय ना.’ थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘आधी लई बोलायची. गल्ली डोक्यावर घ्यायची. आता धुनं घेऊन बसली की बादलीपशीच बसती. पानी वाहून जातंय, नळ चालू. म्या बंद केला तरी तिला कळंना.’

मी हे वहीत उतरवून घेतो, कारण हे त्या कागदात कुठंच मावणारं नाही. आठव्या प्रश्नात हालचाल मंदावण्याचं विचारलंय खरं, इतरांच्या लक्षात येण्याइतकी मंदावली का, असंही त्यात आहे. पण ते इतरांना कुणी विचारत नाही. ज्याची मंदावलीय त्यालाच विचारतात. माणसानं स्वतःबद्दल सांगितलेलं आणि घरच्यानं दुरून पाहिलेलं, ही दोन वेगळी खाती आहेत. फक्त नवऱ्याचं ऐकलं असतं तर बाई गप्प राहिली असती, आणि फक्त बाईचा कागद धरला असता तर तो चालू नळ निसटला असता.

दार उघडतं. मॅडम रांगेकडे बघत नाहीत, आमच्याकडेही नाही. सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातात, आत बसलेल्या पेशंटला ‘एक मिनिट हं मावशी’ म्हणतात, आणि डॉक्टर स्वतः उठून या खोलीत येतात. सिस्टरही मागोमाग. डोळ्यांच्या बाकावरचं कुणीतरी ‘आमचा नंबर कवा?’ म्हणतं, त्याला उत्तर मिळत नाही. बऱ्याच वेळानं नवऱ्याला आत बोलावतात.

तो बाहेर येतो तेव्हा ओठ हलवत काहीतरी घोकतोय. मला बघून मोठ्यानं म्हणतो, जणू मी परीक्षा घेणार आहे, ‘फवारणीची औषधं कुलपात. किल्ली माज्या आईकडं. तिला एकटं सोडायचं न्हाई. गोळ्या माज्या हातानं. परवा दोघांनी परत यायचं. रातीबेराती काई झालं तर ह्यो नंबर.’ केसपेपरवर १४४१६ लिहिलंय, टेली-मानसचा, चोवीस तास चालणारा, फुकट. त्याभोवती चौकट. तो आकडे एकेक करून मोबाइलमध्ये टाकतो आणि नाव काय टाकू असं मला विचारतो. ‘दवाखाना’ टाकतो.

दीड वाजता चहा येतो. मॅडम त्या बाईबद्दल एक शब्द बोलत नाहीत, मीही विचारत नाही. पण कागद लावता लावता म्हणतात, ‘नववा प्रश्न विचारायला नवीन पोरी घाबरतात. वाटतं, विचारलं की डोक्यात यायचं. तसं होत नसतं. असलेलं बाहेर येतं, नसलेलं विचारल्यानं येत नाही. फक्त खोलीत किती माणसं आहेत ते बघावं लागतं. पाच असली की सगळ्यांचा शून्य.’

डॉक्टर दाराला टेकून चहा पितात. त्यांना आकड्यांबद्दल मॅडमपेक्षा कमी प्रेम आहे. कागद उलटा ठेवून आधी माणसाशी बोलावं, मग कागद बघावा, असं त्यांचं म्हणणं. तरी गोव्याचा विषय निघाला की तेही खुलतात. तिथं ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच कागदावर १४ च्या वर गुण आलेल्या लोकांना निवडलं आणि त्यांच्याशी बोलायला डॉक्टर नव्हे, थोडं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं बसवली. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी, ज्यांना अशा बैठका मिळाल्या त्यांतले ६४ टक्के लोक १० च्या खाली आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ‘म्हणजे इथं मॅडमसारख्या आणखी चार मिळाल्या तर माझी निम्मी ओपीडी सुटेल,’ डॉक्टर म्हणतात आणि कप चहावाल्या मामांच्या ट्रेमध्ये ठेवून केबिनकडे वळतात. खोलीत मॅडम एकट्याच आहेत, आणि महिनाअखेरीस वर पाठवायच्या तक्त्यात ‘किती जणांची तपासणी’ असा एकच रकाना आहे. शिक्का आणायला किती नवऱ्यांना पिटाळलं, याचा रकाना नाही.

शेवटचे एक गुरुजी आहेत. निवृत्त, गणिताचे. बायको जाऊन वर्ष झालंय. ते जुने पेशंट. पहिल्यांदा आले तेव्हा १७, मग १३. कागद स्वतःच्या पेननं भरतात, बेरीजही स्वतःच करून खाली दोन रेघा मारतात. ९.

‘एक अंकी आलो मॅडम. आता गोळी बंद करायला हरकत नाही.’

मॅडम कागद घेतात. नऊच्या नऊ ओळींपुढे १. एकही शून्य नाही, एकही दोन नाही. सगळं दुःख समान वाटून टाकलेलं.

‘सर, सकाळी पेपर वाचता का?’

‘वाचतो ना.’

‘शब्दकोडं?’

गुरुजी खिडकीबाहेर बघतात. ‘ते आम्ही दोघं सोडवायचो.’

‘आणि दुपारी जेवता का, की सकाळचा चहाच?’

‘तुम्ही कागदाबाहेरचं विचारताय.’

‘कागदातलंच आहे, तळाला कापलं गेलंय.’ मॅडम झेरॉक्सची ती अर्धी ओळ दाखवतात. ‘आणि पासिंग १० ला नाही सर, ५ च्या खाली यायचंय. त्यानंतरही काही महिने गोळी चालू ठेवायची असते. इथं कमी मार्क पडले की पास.’

‘उलटीच पद्धत,’ गुरुजी म्हणतात. पण कागद परत मागतात. टोपण उघडतात. पहिल्या ओळीतला १ व्यवस्थित एका रेघेनं खोडून शेजारी २ लिहितात, खोडल्याची सही करतात, जशी उत्तरपत्रिकेत करायची असते. मग भुकेच्या ओळीतही तेच. बेरीज खोडून ११. सही.

‘घ्या. आणि गोळ्या तीस लिहिल्या तर तीस मिळतील असं बघा. मागच्या खेपेला खिडकीवर पंधराच दिल्या, उरलेल्या नंतर या म्हणाले. मी नंतर गेलो नाही.’

‘मग मधले पंधरा दिवस?’

‘म्हणून तर म्हटलं, बंदच करू.’

मॅडम कागद तिथंच टाकतात, केसपेपर उचलतात आणि गुरुजींना घेऊन औषधांच्या खिडकीकडे निघतात. खिडकी दोनला बंद होते आणि दोनला पाच कमी आहेत.